वितळतारेच्या जागी जाड तार नको

पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुका हा सह्याद्रीच्या उतारावरील डोंगराळ मुलूख होय. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात त्याच डोंगरावर हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. पोशेरा हे या तालुक्यातील एक गाव. नाचणी, वरई आणि भात ही या भागाची नित्याची पिके. पाड्यापाड्यांनी विखुरलेली वस्ती, कारवीच्या कुडाची आणि कौलारू घरे, ओहोळाच्या किंवा विहिरीच्या आधाराने केलेला थोडा भाजीपाला, अलीकडे कोठे मोगऱ्याची लागवड, असे येथील शेतीचे सर्वसाधारण चित्र आहे. अशा गावात वीज ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. दिवा, पंखा, पिठाची गिरणी, मोबाइल आणि पाण्याचा पंप यांचा आधार आता तीच आहे.

परंतु वीज आली म्हणजे काम संपले, अशी जी समजूत सर्वत्र रूढ झाली आहे ती घातक आहे. खांब उभे राहिले, मीटर बसला आणि दिवा लागला की विद्युतीकरण पूर्ण झाले असे मानले जाते. वस्तुतः वीज घरात आणण्याची सोय जितकी महत्त्वाची, तितकीच प्रसंगी ती क्षणार्धात तोडण्याची सोय महत्त्वाची आहे. पहिली सोय डोळ्यांना दिसते म्हणून तिचे कौतुक होते. दुसरी एका लहानशा पेटीत दडलेली असते म्हणून तिची उपेक्षा होते. या उपेक्षेची किंमत कधी जळलेल्या मोटारीच्या, कधी जळलेल्या घराच्या आणि कधी माणसाच्या प्राणाच्या रूपाने द्यावी लागते.

प्रवाह वाढला म्हणजे काय होते ?

तारेतून वीज वाहू लागली की तार थोडीफार तापतेच. किती तापते याचा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये मांडला. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. प्रवाह तिप्पट झाला तर उष्णता नऊपट होते. शेतकऱ्याने आणि कार्यकर्त्याने विजेसंबंधी एकच नियम पाठ करावयाचा असेल तर तो हाच होय.

घरातील तारेवर जे प्लॅस्टिकचे आवरण असते, ते साधारणतः ७० अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सतत सोसू शकते. त्यापलीकडे ते मऊ पडते, पुढे कडक होऊन तडकते आणि शेवटी जळते. दिव्यासाठी टाकलेल्या बारीक तारेवर पाणी तापविण्याचा रॉड किंवा विजेची शेगडी लावली, दोन तारा एकमेकींना टेकल्या, अथवा मोटार अडकून पडली, तर प्रवाह मर्यादेबाहेर जातो. पक्क्या भिंतीत तापलेली तार कदाचित नुसतीच खराब होईल. कारवीच्या वाळलेल्या कुडाला किंवा माळ्यावरच्या पेंढ्याला टेकलेली तार तापली तर मात्र घर पेट घेते. म्हणून शहरातील इमारतीपेक्षा पाड्यावरील घराला संरक्षणाची गरज कमी नसून अधिक आहे.

वितळतार म्हणजे सांडवा

बांध घालणारा शहाणा शेतकरी त्याला सांडवा ठेवतो. पाणी वाढले तर ते ठरलेल्या जागेनेच निघून जावे आणि बांध शाबूत राहावा, हा त्यातील हेतू असतो. वितळतारेचे, म्हणजेच फ्यूजचे, काम याच जातीचे आहे. साऱ्या वायरिंगमध्ये एक जागा मुद्दाम दुबळी ठेवावयाची. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ती प्रथम वितळावी, प्रवाह खंडित व्हावा आणि बाकीची वायरिंग वाचावी. वितळतार जळते तेव्हा ती बिघडलेली नसते. तिने आपले काम केलेले असते.

आता ही तार पुनःपुन्हा जळते म्हणून तिच्या जागी वायरीतून काढलेली तांब्याची जाड तार गुंडाळण्याची जी रीत गावोगाव दिसते, तिचा हिशेब पाहावा. ०.२ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार सुमारे ७ अँपिअर प्रवाहाला वितळते. ०.५ मिलिमीटर जाडीच्या तारेला सुमारे २८ अँपिअर लागतात. पूर्ण १ मिलिमीटर जाडीची तार वितळण्यास सुमारे ८० अँपिअर लागतात. घरातील दिव्यांची वायर दहा अँपिअरच्या आसपासच्या प्रवाहासाठी बनविलेली असते. तेव्हा कटआउटमध्ये १ मिलिमीटरची तार घालणारा मनुष्य फ्यूज दुरुस्त करीत नाही, तो सांडवा बुजवितो. अशा घरात प्रवाह वाढला तर वितळतार शाबूत राहील आणि भिंतीवरची वायर वितळेल.

एमसीबी या नावाने ओळखला जाणारा आपोआप पडणारा खटका हा वितळतारेचा सुधारलेला वारस होय. अशा खटक्याचे एकस्व जर्मनीतील ह्यूगो स्टॉट्झ यांच्या नावे १९२४ मध्ये नोंदले गेले. त्यात तार बदलावी लागत नाही, म्हणून जाड तार घालण्याचा मोहही उरत नाही. मात्र तेथेही तीच चूक वेगळ्या रूपाने होते. खटका वारंवार पडतो म्हणून १० अँपिअरच्या जागी ३२ अँपिअरचा बसविला जातो. खटक्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरावयाचा असतो, गिऱ्हाइकाच्या सोयीवरून नव्हे. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीवर ६ ते १० अँपिअरचा आणि अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीवर १६ अँपिअरचा खटका, हे घरगुती वायरिंगसाठी सर्वसाधारण प्रमाण आहे.

दोष केवळ अज्ञानाचा नव्हे

जाड तार घालणाऱ्या शेतकऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. ज्या पाड्यापासून तालुक्याचे ठिकाण दूर, रस्ता पावसात निसरडा आणि वायरमनच्या हाताखाली अनेक गावे, तेथे रात्री फ्यूज गेला तर घरातील माणसाने काय करावे ? योग्य जाडीची वितळतार गावच्या दुकानात मिळत नाही. मिळाली तरी तिच्या गुंडीवरचा क्रमांक कशासाठी असतो हे कोणी सांगितलेले नसते. पंपाला वीज मिळावयाची ती ठरावीक तासांत. त्या तासांत फ्यूज गेला तर मोगऱ्याचे किंवा मिरचीचे पाणी चुकते. अशा अडचणीत हाताला लागेल ती तार घालणारा मनुष्य आपल्या परीने मार्ग काढीत असतो.

म्हणून सुधारणा करावयाची ती उपदेशाने नव्हे, सोयीने. ग्रामपंचायतीत किंवा बचतगटाच्या दुकानात योग्य क्रमांकाच्या वितळतारेचे चार गुंडे ठेवणे हे शंभर भाषणांपेक्षा अधिक उपयोगी आहे.

पंप, डीपी आणि ऑटो स्विच

तीन फेजवर चालणारी ५ अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर सुमारे साडेसात अँपिअर घेते. सुरू होताना मात्र ती काही क्षण सहापट प्रवाह ओढते. मोटारीचे खरे रक्षण फ्यूजने होत नाही, ते स्टार्टरमधील ओव्हरलोड रिलेने होते. सुरुवातीचा क्षणिक लोंढा सोसावयाचा, पण थोडाही जादा प्रवाह बराच वेळ टिकला तर मोटार बंद करावयाची, असा विवेक त्या रिलेत असतो. तीनपैकी एक फेज गेली तर उरलेल्या दोन तारांतील प्रवाह सुमारे पावणेदोनपट होतो. जूलच्या नियमाने तेथील उष्णता तिप्पट होते आणि मोटारीचे वेटोळे थोड्याच वेळात जळते. रिलेचा काटा मोटारीच्या पाटीवरील अँपिअरइतका ठेवलेला असेल तर मोटार वाचते. तो काटा शेवटच्या टोकापर्यंत फिरवून ठेवला असेल, किंवा रिलेला बगल देऊन तार जोडली असेल, तर स्टार्टर म्हणजे केवळ एक महागडे बटण होय.

डीपीवरील रोहित्राचे गणित तर सर्व गावाचे गणित आहे. ६३ केव्हीए क्षमतेच्या रोहित्राचा पूर्ण भार प्रत्येक फेजला सुमारे ८४ अँपिअर असतो. त्यावर ५ अश्वशक्तीचे दहा पंप चालले तर ७५ अँपिअर लागतात, म्हणजे काम भागते. पण प्रत्येकाने ऑटो स्विच बसविला असेल, तर गेलेली वीज परत येताच दहाही मोटारी एकाच क्षणी उठतात आणि सुमारे ४५० अँपिअरची मागणी रोहित्रावर आदळते. मग डीपीचे फ्यूज जातात, तेथेही कोणी जाड तार घालतो आणि एके दिवशी रोहित्रच जळते. ते बदलून मिळेपर्यंत सर्वांचे पीक सुकते. एकट्याच्या सोयीचा ऑटो स्विच हा असा सर्वांच्या गैरसोयीचा उगम ठरतो. याउलट योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसविल्यास पंपाचा प्रवाह कमी होतो, शक्तिगुणक ०.७ वरून ०.९ वर आला तर तारेतील प्रवाह पाचव्या हिश्शाहून थोडा अधिकच घटतो. डीपीच्या पेटीला हात लावण्याचा अधिकार महावितरणच्या माणसालाच आहे, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. आकडा टाकून घेतलेली वीज तर चोरी आहेच. शिवाय तिच्यामागे ना फ्यूज ना खटका, म्हणून ती उघड्यावर टांगलेली फाशी आहे.

ज्या भागात सौरपंप आले आहेत तेथे निराळी दक्षता हवी. सौरपट्ट्यांतून येणारा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. तो तोडताना पडणारी ठिणगी सहजासहजी विझत नाही. तेथे घरगुती विजेचा साधा खटका चालत नाही. त्या प्रवाहासाठी बनविलेलाच खटका बसवावा लागतो.

तार वाचते, माणूस वाचत नाही

येथवर जे सांगितले ते तारेच्या, मोटारीच्या आणि घराच्या रक्षणासंबंधी होते. आता अधिक गंभीर मुद्दा येतो. फ्यूज आणि एमसीबी योग्य असले तरी त्यांनी माणसाचे रक्षण होत नाही. ही गोष्ट गावात फारच थोड्यांना ठाऊक आहे.

भिजलेल्या अंगाचा रोध सुमारे १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टच्या तारेला हात लागताच शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी, प्रवाह वाहतो. हृदयाची गती बिघडण्यास त्याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो. म्हणूनच माणसाच्या रक्षणासाठी बनविलेली साधने ३० मिलिअँपिअरवर तुटण्याची योजना असते. ९ वॅटचा एलईडी दिवादेखील सुमारे ४० मिलिअँपिअर घेतो. सर्वांत लहान ५ अँपिअरची वितळतार मात्र ५,००० मिलिअँपिअरपर्यंत स्वस्थ बसते. माणूस तारेला चिकटून तडफडत असतो आणि फ्यूजच्या दृष्टीने घरात जणू आणखी एखादा पंखा लागलेला असतो.

हे काम करणारे साधन वेगळे आहे. त्याला दुकानात आरसीसीबी म्हणतात. पुष्कळजण ईएलसीबी या जुन्या नावाने ते मागतात. एका तारेने गेलेला प्रवाह दुसऱ्या तारेने तितकाच परत येतो की नाही, एवढेच ते पाहते. वाटेत कोणाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून काही प्रवाह जमिनीत गेला, तर जमाखर्चाचा मेळ बसत नाही आणि ते साधन निमिषार्धात वीज तोडते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी विजेच्या धक्क्याचा शरीरावरील परिणाम दीर्घकाळ अभ्यासला आणि १९६१ मध्ये अशा प्रकारचे साधन सिद्ध केले. मात्र दोन्ही हात दोन तारांना लागले तर हे साधन ओळखू शकत नाही, आणि जादा भारही ते रोखत नाही. म्हणून एमसीबी आणि आरसीसीबी ही दोन्ही हवीत. एकाने घर राखावे, दुसऱ्याने घरधनी.

खडकाळ जमीन आणि अर्थिंग

अर्थिंग केले म्हणजे धोका टळला, असे सांगितले जाते. तत्त्वतः ते बरोबर आहे. परंतु मोखाड्याच्या जमिनीत ते पुरेसे नाही. येथे मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि काळा कातळ. उन्हाळ्यात ही जमीन कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. तो २० ओहम आहे असे धरावे. पंपाच्या लोखंडी अंगात फेज उतरली तर अर्थिंगमधून जास्तीत जास्त साडेअकरा अँपिअर जातील. १६ अँपिअरचा खटका त्यामुळे पडणार नाही, आणि पंपाचे अंग जिवंत विजेने भारलेलेच राहील. ओल्या पायाने पंपाला हात लावणाऱ्या बाईला किंवा मुलाला हे दिसणार नाही.

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी अशा खडकाळ जमिनीतही काम करते. तिला अर्थिंगचा रोध काही शे ओहम असला तरी चालते. म्हणूनच काळ्या खोल मातीच्या प्रदेशापेक्षा पोशेऱ्यासारख्या कातळावरील गावांना या साधनाची अधिक निकड आहे. याचा अर्थ अर्थिंग सोडून द्यावे असा नाही. खड्ड्यात कोळसा व मीठ घालून तो चांगला भरावा, उन्हाळ्यात त्यात पाणी टाकावे, आणि अर्थिंगची तार मोटारीच्या अंगाला पक्की जोडलेली आहे की नाही ते पाहावे. न्यूट्रल नाही म्हणून जमिनीत सळई ठोकून तिच्यावर दिवा चालविणे मात्र सर्वस्वी बंद झाले पाहिजे. अशा सळईभोवतीची ओली जमीन हाच एक सापळा असतो.

रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कुंपणात घरची वीज सोडण्याचा प्रकार तर गुन्हाच आहे. त्या कुंपणाला चिकटलेल्या प्राण्यामुळे किंवा माणसामुळे फ्यूज जात नाही, हे वरील हिशेबावरून उघड आहे. संरक्षणच हवे असेल तर साधारण सेकंदाला एक असा क्षणिक झटका देणारे, त्याच कामासाठी बनविलेले सौर यंत्र वापरावे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप खर्चाचा. मजुरीसाठी दिवाळीनंतर गाव सोडणाऱ्या कुटुंबाला आरसीसीबीचा खर्च जड आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु जोडणीच्या वेळी खांब, तार, मीटर आणि दिवा यांवर सार्वजनिक पैसा खर्च होतो. त्यातच या साधनाचा खर्च धरला पाहिजे. दिवा देणाऱ्या योजनेने जीव राखणारे साधन वगळू नये. नवे घरकुल बांधताना, शाळेची, अंगणवाडीची किंवा नळपाणी योजनेच्या पंपघराची वायरिंग करताना ग्रामपंचायतीने ही अट घालावी. जेथे मुले ओल्या हातांनी नळाशी जातात, तेथून प्रारंभ व्हावा.

दुसरा आक्षेप असा की पावसाळ्यात हे साधन वारंवार पडते, म्हणून लोक ते काढून टाकतात. हा आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर साधन काढणे हे नव्हे. ते पडते याचा अर्थ ओल्या भिंतीतून, फाटलेल्या वायरीतून किंवा गळक्या कौलाखालच्या बटणातून वीज जमिनीत जात आहे. राखणदार कुत्रा रात्री भुंकतो म्हणून त्याला कोणी मारीत नाही. काय आले ते बाहेर जाऊन पाहतो. खटका पडला की एकेक वस्तू काढून दोष कोठे आहे तो शोधावा आणि परवानाधारक वायरमनकडून दूर करवून घ्यावा.

गावपातळीवरील काम

या कामाचा मुहूर्त मृगापूर्वीचा होय. होळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत मजुरीला गेलेली कुटुंबे परत येतात आणि महिनोन्‌महिने बंद असलेली घरे उघडतात. तेवढ्या काळात उंदरांनी वायर कुरतडलेली असते. त्या वेळी कार्यकर्त्याने, ग्रामपंचायतीने आणि महावितरणच्या कर्मचाऱ्याने मिळून पाड्यापाड्यावर एक फेरी करावी. फेरीत पुढील पाच गोष्टी पाहिल्या तरी पुष्कळ झाले : कटआउटमधील तार योग्य जाडीची आहे काय, पंपाच्या स्टार्टरमधील रिले पाटीवरील अँपिअरवर लावला आहे काय, अर्थिंगची तार तुटलेली तर नाही, आरसीसीबी असल्यास तिचे चाचणीचे बटण दाबताच ती पडते काय, आणि कपडे वाळत घालण्याची तार विजेच्या वायरीजवळून गेलेली तर नाही. चाचणीचे बटण पुढे घरच्यांनीच महिन्यातून एकदा दाबावे. गाव सोडून जाणाऱ्याने मुख्य खटका बंद करूनच कुलूप लावावे.

कोणी तारेला चिकटला तर त्याला हात न लावता आधी मुख्य खटका बंद करावा. खटका दूर असेल तर कोरड्या लाकडाने त्याला बाजूला सारावे. पावसाळ्यात अंगणातील काठी ओली असते, म्हणून पंपघरात एक कोरडा वासा नेहमी ठेवावा. खांबावरची तार तुटून पडली असेल तर जवळच जाऊ नये; १९१२ या क्रमांकावर कळवावे आणि पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत गुरांमाणसांना दूर ठेवावे.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी झाली आणि २००५ मध्ये त्याच्या विभागणीतून महावितरण कंपनी आली. या दीर्घ काळात किती गावांत खांब पोहोचले याचीच मोजदाद प्रामुख्याने झाली. आता किती घरांत योग्य वितळतार आहे, किती पंपांचा रिले जागेवर आहे आणि किती शाळांत आरसीसीबी आहे, याची मोजदाद व्हावयास हवी. पोशेऱ्यासारख्या गावाने ती मृगाआधी स्वतःच्या वहीत सुरू केली, तर त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही.